प्रवासी आढळून आले नाहीत

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात मला सगळे 'गाडीवाले काका' म्हणतात. मोटारगाडी नव्हे, ती इथे सगळ्यांकडेच आहे. माझी गाडी म्हणजे विदर्भातल्या आमच्या तालुक्यातली लाकूड वाहणारी छोटी रेल्वे. दोन फूट अंतरावरचे रूळ, जंगलात सुरू होऊन जंगलातच संपणारे. ती बंद पडून तीसेक वर्षं झाली. या तीस वर्षांत तिच्याबद्दल मी जेवढा बोललो, तेवढं ती चालू असताना कोणी बोललं नसेल. जेवणावळीत कोणी सहज म्हणालं की इथली मेट्रो काय सुंदर आहे, की माझी गाडी सुटलीच. बायको तेवढ्यात पाणी आणायला उठते आणि गोड वाढून होईपर्यंत परत येत नाही.

एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. ती गाडी मी बंद पाडली.

आता पहिल्यापासून सांगतो. इंग्रजांच्या काळात एका लाकूड कंपनीने हे रूळ टाकले. डोंगरावरचा साग तोडायचा, ओंडके साखळ्यांनी वाघिणींवर, म्हणजे मालाच्या उघड्या डब्यांवर, बांधायचे आणि खालच्या डेपोत आणून टाकायचे, एवढंच गाडीचं काम. पुढे कंपनी गेली, वनखातं आलं. मग वरचा साग संपत आला, तोड थांबली. गाडी आता भंगारात जाणार असं दिसताच एका हौशी साहेबाने त्याच वाघिणींवर बाकं ठोकली, वर ताडपत्री बांधली आणि दर रविवारी धबधब्यापर्यंत 'सहलगाडी' सुरू केली. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी नसायचं. लोक तरी जायचे. पाणी जिथून पडतं ती जागा बघायचे, डबे खायचे आणि समाधानाने परत यायचे.

मध्ये एक चढ होता. तिथे चाकं जागच्या जागी फिरायची. म्हणून इंजिनाच्या पुढच्या फळीवर एक माणूस वाळूचे दोन डबे घेऊन बसायचा आणि डाव्या-उजव्या हाताने रुळांवर वाळू सोडत जायचा. गाडी इतकी सावकाश चढायची की बाया खाली उतरून चारोळ्या तोडायच्या आणि चढ संपला की पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायच्या. कोणाची जागा कोणी घ्यायचं नाही. तो रिवाजच होता.

मी कॉलेजात होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत खात्याने एक तात्पुरता गणक नेमायचं ठरवलं, कारण वरच्या कचेरीला प्रश्न पडला होता की या गाडीत खरंच कोणी बसतं का. माझ्या काकांच्या ओळखीने मला नेमलं. काम असं, की पावसाळ्यापर्यंत दहा रविवार गाडीबरोबर जायचं, डोकी मोजायची आणि रजिस्टरात लिहायची.

पहिल्या रविवारी मी गेलो. निघताना मोजलं तो एक आकडा, चढावर मोजलं तो दुसरा, कारण निम्म्या बाया चारोळीच्या झाडाखाली होत्या, आणि वर पोचल्यावर तिसराच, कारण वाटेत हात केला की गाडी कोणालाही घ्यायची. मी मधला आकडा लिहिला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या नाकात कोळसा होता, कानात वाळू होती आणि मांडीवर कोणाच्या तरी पोराने सांडलेलं ताक वाळलं होतं.

दुसऱ्या रविवारी मी तालुक्याच्या गावी सिनेमाला गेलो. तिथल्या टॉकीजमध्ये नुकताच कूलर बसला होता. मध्यंतरात भजी खाताना रजिस्टर गुडघ्यावर ठेवलं आणि प्रवाशांचा आकडा लिहून टाकला. पुढचे सगळे रविवार तसेच. सिनेमाही तोच, कारण तो बदललाच नाही.

आकडे लहान का लिहिले, हा प्रश्न मला नंतर झोपू द्यायचा नाही. त्या वयात माझा हिशोब सरळ होता. मोठा आकडा लिहिला तर साहेब खूश होऊन गाडी बघायला येईल आणि माझी जागा रिकामी सापडेल. लहान आकडा तपासायला कोण येतं? म्हणून दर रविवारी माझे प्रवासी थोडे थोडे कमी होत गेले. एकदम कमी केले असते तर खोटं वाटलं असतं, एवढी अक्कल होती. शेवटच्या काही रविवारी मी अधिकाऱ्यासारखं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रवासी आढळून आले नाहीत.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात खोटंही नव्हतं. टॉकीजमध्ये मला कुठे आढळणार होते ते?

पावसाळ्यानंतर गाडी सुरू झालीच नाही.

मी शिकलो, पुण्यात नोकरी केली, मग कतारला आलो. गेली बावीस वर्षं इथे क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वेल्डिंगचा सांधा स्वतः पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. "जे डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही," हे मी नव्या इंजिनियरांना इतक्यांदा ऐकवलं आहे की माझी पाठ फिरली की ते माझ्याच आवाजात एकमेकांना ऐकवतात. त्यांना वाटतं, केवढा तत्त्वाचा माणूस.

तर यंदा गणपतीच्या देखाव्याचा विषय निघाला. आमच्या अध्यक्षीणबाई मूळच्या नाशिकच्या, एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आणि बैठकीत कोणालाही 'नाही' म्हणू न देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "दर वर्षी तोच किल्ला नको. काका, तुमची गाडी करू या. हलती. इतिहास तुम्ही लिहा, आवाजही तुमचाच. पाच मिनिटांत, आणि जरा इन्स्पायरिंग."

नको म्हणायला तोंड उघडलं आणि "बघू" म्हणालो. 'बघू' म्हणजे 'हो', हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

लाकडाचं काम कोण करणार, हा प्रश्न एशियन टाउनमध्ये, कामगारांच्या बाजारात, सुटला. मी पातळ प्लायवूड शोधत फिरत होतो. चहाच्या टपरीपाशी एक माणूस फोनवर बोलत होता, "हाव ना बाप्पा, पाठवतो म्हटलं ना, आता काय इमानातून उडी मारू का?" हे कानावर आलं आणि माझे पाय थांबले. विचारलं, कुठले? त्याने जिल्हा सांगितला, तालुका सांगितला, आणि शेवटी सहलगाडी जिथून सुटायची ते गाव सांगितलं. माझ्याच वयाचा. इथे शटरिंग कारपेंटर, राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, एका खोलीत चौघे.

"गाडी आठवते?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण बावीस वर्षांची सवय.

"आठवते?" तो हसला. "भाऊ, माहा बाप डायवर होता तिच्यावर. अन् मी म्होरं बसून वाळू सोडत होतो."

मला तो आठवला नाही. त्याला मीही आठवलो नाही. एका रविवारपुरता तर भेटलो होतो.

त्यानंतर दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी त्याला बरवाहून घेऊन यायचो. तो पुढच्या सीटवर बसायचा, माझ्या व्हिलाच्या गॅरेजमध्ये काम करायचा आणि दुपारी आमच्याकडे जेवायचा. माझी बायको सदाशिव पेठेतली. पहिल्याच दिवशी तिच्या वरणाला तो म्हणाला, "वयनी, वरन गोड झालं चुकून. मी कोनाले नाई सांगत." पुढच्या शुक्रवारी तिने मुद्दाम ठेचा केला. त्या दोघांचं जमलं. माझंही त्याच्याशी जमत चाललं होतं, तेच वाईट होतं. घरात मुलगी इंग्रजीत बोलते, बायको पुणेरी बोलते, ऑफिसात तर आनंदच. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडातून 'काहून' निघालं तेव्हा बायकोने वळून पाहिलं.

"हे काय होतं?"

"काही नाही. मराठीच आहे."

इंजिन तयार झालं, वाघिणी झाल्या, डोंगर झाला. आतल्या मोटारीने गाडी चालायची, पण चढावर आली की चाकं जागच्या जागी फिरायची. तो खूश झाला. "पाहा, अस्सल झाली!" बाहेर जाऊन त्याने मूठभर वाळू आणली आणि रुळांवर सोडली. ती उडून त्याच्याच डोळ्यांत गेली. "ही काय वाळू हाये? पीठ हाये पीठ. एवढ्या वाळूच्या मुलखात येऊन कामाची वाळू नाई!" शेवटी त्याने पॉलिश पेपरच्या बारीक पट्ट्या कापून चढावरच्या रुळांना चिकटवल्या. गाडी डुलत डुलत वर गेली. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये टाळ्या वाजवत होतो.

त्याच आनंदात तो म्हणाला, "टेप आयकवा ना भाऊ. गाडी टेपसंगच चालली पायजे."

मुलीने माझा आवाज आधीच रेकॉर्ड करून दिला होता. "बाबा, यू साउंड लाइक अ फ्यूनरल," एवढी एकच सूचना करून. मी लावला. इंग्रज साहेब आले, साग आला, हौशी साहेब आले, बाया चारोळ्या तोडून परत बसल्या. तो मान डोलवत होता. मग माझा आवाज खर्जात गेला: "परंतु शासकीय उदासीनतेमुळे आणि काळाच्या ओघात…"

"थांबवा."

मी थांबवलं.

"हे खोटं हाये भाऊ. कायचा ओघ? ठेसनावर नोटीस लावली होती, म्या सोता वाचली. 'रविवारच्या गाडीस प्रवासी आढळून येत नसल्याने.' कोनीतरी लिवून देल्लं होतं तसं. आढळून येत नाई! अन् आमच्या गाडीत बकऱ्या उतरवा लागे, मानसायले जागा नाई म्हनून!"

मी पॉलिश पेपरच्या कात्रणांकडे बघत होतो.

"मले पावसाळ्यानंतर पक्कं करनार होते. तेच गेलं. मंग सुतारकी शिकलो अन् इकडे आलो." त्याने रंधा उचलला. "बाप मरेपर्यंत म्हने, तो लिवनारा एक डाव भेटला पायजे. मारत नाई म्हने मी त्याले. फक्त पाह्यतो, दिसतो कसा."

"हं," मी म्हणालो. तीस वर्षांच्या गुन्ह्यावर माझं निवेदन एवढंच: हं.

त्या आठवड्यात मी बायकोला सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी हे सांगितलं नव्हतं. सोफ्यावर बसवलं, टीव्ही बंद केला. ती पांढरीफटक पडली. मी सगळं सांगून संपवल्यावर तिने दीर्घ श्वास सोडला.

"एवढंच? तू टीव्ही बंद केलास तेव्हा मला वाटलं तुझं कुठेतरी दुसरं घर आहे."

"मी एक रेल्वे बंद पाडली."

"किती रविवार गेला नाहीस?"

"दोन-तीन," मी म्हणालो. नऊ होते. कबुली देतानाही माझ्या तोंडून आकडा लहानच निघाला.

"आणि दर वेळी सिनेमा? एकटा?" तिचा तपास आता वेगळ्याच रुळांवर गेला होता. मी एकटाच जायचो, हे पटवायला मला रेल्वेपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "त्याला सांग. नाहीतर शुक्रवारी त्याला मी जेवायला कशी वाढू? मला नाही जमणार तोंड मिटून."

पुढच्या शुक्रवारी तो वाघिणींना बारीक बाकं बसवत होता. मी म्हणालो, "ते रजिस्टर माझं होतं."

"कोनतं?"

"प्रवासी आढळून आले नाहीत. ते मी लिहिलं. गाडीवर न येता."

त्याने एक बाक बसवलं. दुसरं बसवलं. मग विचारलं, "मंग होते कुठं तुमी?"

"सिनेमाला."

"कसा होता?"

"पहिल्यांदा बरा वाटला."

"पहिल्यांदा? किती डाव पाह्यला?"

"पुष्कळदा. कूलर होता."

"कूलर होता," तो म्हणाला, अगदी समजूतदारपणे. मी घाईघाईने पुढे बोललो की तोड थांबलीच होती, गाडी तशीही बंद पडलीच असती, कदाचित एखाद्या वर्षाने.

"पडली असती," तो म्हणाला. "तिची ती पडली असती. तुमी कायले हात लावला?"

त्याने हत्यारं पुसून पिशवीत भरली. "खलास. रूमवर सोडा." जेवला नाही. गाडीत मागच्या सीटवर बसला आणि बरवा येईपर्यंत मी स्वतःच्या मोटारीचा ड्रायव्हर होतो.

गणपती आठ दिवसांवर आले. देखाव्यात डोंगर होता, रूळ होते, सगळ्या वाघिणींना बाकं नव्हती आणि इंजिन चढावर पुन्हा घसरत होतं, कारण पट्ट्या निघाल्या होत्या. माझ्या चिकटवण्याने गाडी रुळांवरून उतरायची. अध्यक्षीणबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, ही रेल्वे आहे की अपघात?"

मी बरवाला गेलो. तो खाली दोरीवर कपडे वाळत घालत होता. मला बघून त्याने उरलेले शर्टही वाळत घातले, एकेक करून, चिमटे लावून. मग आला.

"माफी मागायला आलो," मी म्हणालो.

"माफी घेऊन मी काय करू? खोलीत ठेवायले जागा नाई." त्याने बादली उपडी केली. "टेपात सांगा. जे झालं ते. सगळ्यायच्या म्होरं. तसं कराल तं येतो, नाई तं तुमची तुमी चालवा गाडी."

नवा मजकूर कळल्यावर अध्यक्षीणबाई हादरल्या. "काका, गणपतीच्या देखाव्यात असं कोणी सांगतं का? लोक दर्शनाला येणार. जरा पॉझिटिव्ह ठेवा ना."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना "नाही" म्हणालो. इतक्या मोठ्याने म्हणालो की मुलगी खोलीतून बाहेर आली. रेकॉर्डिंगही तिनेच पुन्हा केलं. माझं बोलून झाल्यावर तिने हेडफोन काढले आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हे खरं आहे?"

"हो."

"ओके. धिस वन इज बेटर."

तो आला, पट्ट्या लावल्या, बाकं पुरी केली. माझ्याशी कामापुरतं बोलला.

गणपती बसले. अध्यक्षीणबाईंच्या हॉलमध्ये आवाज बेताचा ठेवून दर दहा मिनिटांनी गाडी सुटायची आणि दर दहा मिनिटांनी मी अख्ख्या दोह्यातल्या मराठी मंडळींना सांगायचो, की काही रविवार मी कामावर न जाता सिनेमाला गेलो, खोटं लिहिलं, आणि ही गाडी बंद पडली. मी कोपऱ्यात प्रसादाच्या टेबलामागे उभा राहायचो. कोणी काय म्हणेल या भीतीने प्रसादाचे द्रोण पुन्हा पुन्हा मोजायचो. आणि लोक काय म्हणाले? "काका, काय अभिनय! अंगावर काटा आला." एकांनी विचारलं, स्क्रिप्ट कोणाची? द पर्लच्या श्रीमंत वस्तीतून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "प्रथमपुरुषी निवेदनाची कल्पना फारच छान." मी म्हणायचो, अहो, खरं आहे ते. त्या हसायच्या. "तेच तर! अगदी खरं वाटतं." तीस वर्षं दाबून ठेवलेलं पाप बाहेर काढलं आणि त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळायची वेळ आली.

शुक्रवारी तो आला. बरोबर खोलीतले तिघे, इस्त्रीचे शर्ट घालून. चौघांनी चपला ओळीत काढल्या, दर्शन घेतलं आणि देखाव्यासमोर उभे राहिले. गाडी सुटली. माझा आवाज सुरू झाला. चढ आला, गाडी वर गेली, कबुली झाली. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि सोबत्यांना म्हणाला, "हाच तो."

तिघांनी मला नीट पाहून घेतलं. त्यांच्यातला सातारचा एक म्हणाला, "आयला, साधाच की." कोणी अभिनयाची तारीफ केली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणीतरी खरं मानत होतं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

मग तो माझ्याजवळ आला. "'काही रविवार' म्हनता टेपात. काही म्हंजे किती?"

बायको मोदकांचं ताट घेऊन शेजारीच उभी होती.

"नऊ," मी म्हणालो.

"दोन-तीन!" बायको म्हणाली.

"नऊ," तो तिला म्हणाला. "शेवटचे होते, वयनी. मले बराबर ठाव हाये." आणि तो बोटं मोजू लागला. एका रविवारी वरच्या पाड्यावरचं वऱ्हाड होतं, नवरदेव ताडपत्रीला डोकं आपटून बसला होता. एका रविवारी शाळेचे गुरुजी सगळी चौथी घेऊन आले आणि येताना एक पोरगं जास्त निघालं. एका रविवारी भजनी मंडळ होतं, चढावर त्यांनी टाळ थांबवून गाडीला धक्का दिला. कंपाउंडरची सासू आली तो रविवार, मध घेऊन कोणी चढलं आणि मागून माश्या आल्या तो रविवार. भोवती लोक जमले. मोदक धरून सगळे ऐकत होते. सहा झाले, सात झाले. आठव्याला त्याची आई पहिल्यांदाच गाडीत बसली होती. नवऱ्याच्या गाडीत बसायला लाज वाटते म्हणून इतकी वर्षं न बसलेली, त्या दिवशी नवं लुगडं नेसून, अगदी मागच्या वाघिणीत.

मग तो थांबला. नववं बोट धरून थांबला.

"नवव्या रविवारी," तो म्हणाला. "नवव्या रविवारी…" डोळे मिटले, उघडले. सोबत्यांकडे पाहिलं, ते तर तिथे नव्हतेच कधी. शेवटची फेरी होती ती. त्याच्या बापाची शेवटची.

"कोन होतं बरं नवव्याले, भाऊ?" त्याने मला विचारलं. टोमणा नव्हता. आठवत नाही म्हणून दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं. आणि विचारून झाल्यावर कोणाला विचारलं ते त्याच्या लक्षात आलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. तो ते बोट तसंच धरून उभा राहिला. मागे गाडी पुन्हा सुटली होती, रिकाम्या बाकांची. मुलीने उठून माझा आवाज बंद केला.